सुपभर कोंड्याला घेतलेली पोर

कालपासून घरात तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास शिरला आहे. दार लावलं तरी येतो. आता धान कापायला परराज्यातून मोठं यंत्र येतं आणि दुपारभरात शेतातली बांधीच्या बांधी मोकळी करून निघून जातं. विळे नाहीत, भारे वाहणाऱ्या बाया नाहीत, खळ्यावर बैलांची फेरी नाही. वास मात्र तोच राहिला. ओलसर, गोड, थोडा कुजका. आमच्या भागात या वासानं माणसं खुलतात. मी नाकाला रुमाल लावतो.

सत्तरी ओलांडली आहे. नवेगाव बांधाच्या तलावापासून सायकलीच्या अंतरावर माझं गाव, आणि आयुष्यभर याच पट्ट्यातल्या शाळांत मी शिकवलं. लोक गुरुजी म्हणतात. माझ्या वडिलांनी नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. घरातले देव गावच्या बोडीत, तळ्यात, गेले ते तेव्हाच. त्यामुळे भूत नसतं, नजर लागत नाही, कागदावर लिहिलेलं खरं असावं, ही तीन वाक्यं मी प्रत्येक वर्गाला सांगत आलो. त्यातल्या दोन वाक्यांवर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता आणि तिसरं मी मोडलं. ते कसं, हे सांगायला मागच्या वर्षीच्या धानापर्यंत जावं लागेल.

मागच्या वर्षी याच दिवसांत आमची मुलगी घरी होती. संगणकावर काम करते. तिची कंपनी कुठल्या तरी परदेशात, सोबत काम करणारे दहा देशांत, आणि ती आमच्या माडीवर पत्र्याखाली. दुपार झाली की तिच्या खोलीतून गोऱ्या माणसांचे आवाज येत. "प्रग्या, कॅन यू हिअर अस?" ती म्हणे, "येस, येस," आणि वायर हातात धरून गच्चीवर पळे, कारण खाली रेंज नसे. तिथं ती बोलायची तेव्हा शेजारच्या खळ्यावर थ्रेशर सुरू असे. एकदा त्यांच्यापैकी कुणी तरी विचारलं, तुझ्याकडे विमानतळ आहे का? ती खूप हसली होती.

एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "बाबा, पोर्तुगाल असे लोक घेऊन राहिला. काम दुसऱ्या देशाचं करायचं, राहायचं त्यांच्याकडे. त्याचा वेगळा व्हिसा असतो. मी करते."

मला समजेना. "काम हेच, कंपनी हीच. मग इथं काय वाईट आहे?"

तिच्याआधी तिची आई बोलली. कौसल्या चुलीपाशी वालाच्या शेंगा निवडत होती. "इथं दिवसातून चारदा लाईन जाते. तिथं जात नसल. जाऊ द्या न जी पोरीले."

"एका वर्षासाठी, बाबा," मुलगी म्हणाली. "समुद्र पाहायचा आहे. तीस वर्षं बांधाचंच पाणी पाहिलं."

तीस वर्षं. ती सहज म्हणाली. कौसल्येचे हात शेंगांवर थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण थांबलेले हात मी पाहिले.

मग मुलीनं मोबाइलवर यादी वाचली. कामाचा करारनामा, राहण्याच्या जागेचा कागद, पोलिसांचा दाखला. आणि जन्माचा दाखला, नवा काढलेला, त्यावर मंत्रालयाचा शिक्का. "तो तर तुम्हीच काढून द्या, बाबा. ग्रामपंचायतीत सगळे तुमचेच विद्यार्थी."

मी हो म्हटलं. चहा उरला होता, तो प्यायला गेला नाही.

आता ज्याची मला भीती वाटली ते सांगतो. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा आम्हाला मुलगी झाली. श्रावणात. मी स्वतः जाऊन तिची नोंद केली, नावासकट. प्रज्ञा. ग्रामसेवक म्हणाला, नाव नंतर टाका, घाई काय आहे. मी म्हणालो, नाही, आत्ताच लिहा. ती पंधरा महिन्यांची झाली आणि धान आलं. कापलेलं धान बांधीत पसरलं होतं आणि कार्तिकात यायला नको ते ढग आले. पोरीच्या अंगात ताप होता. कौसल्या म्हणाली, दवाखान्यात नेऊ. मी आभाळ पाहिलं आणि म्हणालो, एवढं धान झाकतो, मग निघू. भारे गोळा करायला दुपार गेली. सायकलवर निघालो तेव्हा पोर कौसल्येच्या कुशीत झोपल्यासारखी होती. बांधाच्या पाळीवर पोचलो आणि कौसल्या म्हणाली, "थांबवा जी." एवढंच. पाऊस आलाच नाही. ढग तसेच पुढे निघून गेले.

तिला आमच्याच बांधीच्या कोपऱ्यात, मोहाच्या झाडाखाली पुरलं. जन्माची नोंद करायला धावत गेलेला मी मृत्यूची नोंद करायला गेलो नाही. आज जातो, उद्या जातो, असं करत गेलोच नाही. त्या नावापुढे तो शब्द मला लिहवून घ्यायचा नव्हता.

पुढच्या वर्षी पुन्हा खळ्यावर धान चुरत असताना दुसरी मुलगी झाली, कौसल्येच्या माहेरी, दवनीवाड्याला. मी पोचलो तेव्हा अंगणात एक प्रकार चालला होता. पहिलं मूल गेलं की आमच्याकडे दुसऱ्याला उकिरड्यावर ठेवतात. आईबापानं टाकलं असं दाखवायचं. मग सुईण येते, पोर उचलते, सुपभर कोंडा देऊन विकत घेते. पोर मग आपली नाही, कोंड्याच्या मोलाची. तिला न्यायला कोण कशाला येईल? नावही तसंच ठेवायचं. सासूबाईंनी कचरी ठेवलं.

मी अडवायला हवं होतं. मी शाळेत अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारा माणूस. अंगणात उभा राहिलो, सुईणीनं कोंडा ओतला, त्याची धूळ उन्हात उडाली, आणि मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. सुईण माझ्याकडे पाहून म्हणाली, "मास्तर, तुमी काई पाह्यलं नाई, समजलं न? पोर माही आहे."

मी काही पाहिलं नाही. आणि त्यापुढे गेलो. या पोरीची नोंद कुठंच केली नाही. पहिलीचं नाव मी हौसेनं कागदावर चढवलं आणि ती गेली. हिला कागदावर आणायचंच नाही, म्हणजे सापडायची नाही. हे मी कुणाला बोललो नाही. मनात मात्र अगदी स्पष्ट होतं.

पोर वाढली. शाळेची वेळ आली तेव्हा जन्माचा दाखला हवा. इतक्या उशिरा नोंद करायची तर तालुक्याला अर्ज, साक्षीदार, साहेबांचा हुकूम. आणि घरच्या पेटीत एक दाखला तयार होता. मुलगी, प्रज्ञा, आईबापाचं नाव बरोबर. फक्त तारीख सव्वादोन वर्षं आधीची. मी तो काढला. कंटाळा केला असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. त्या तारखेकडे मरण एकदा येऊन गेलं होतं. तिथं ते पुन्हा कशाला येईल? त्या तारखेमागे पोर लपवली की ती सुरक्षित.

माझ्याच शाळेच्या रजिस्टरात, माझ्याच अक्षरात मी लिहिलं. कागदावर पावणेसात, प्रत्यक्षात साडेचार. वर्गात सगळ्यांत बारीक, बाकावर पाय लोंबकळत. कौसल्या त्या दिवशी एवढंच बोलली, "एकीचं नाव दुसरीले कायले देता? तिचं तेवढंच होतं." आणि तिनं पोरीला प्रज्ञा म्हणून कधीच हाक मारली नाही. कचूच म्हणत आली. मी चारचौघांत तिला सुधारायचो, "अगं, प्रज्ञा म्हण. शिकलेली पोर आहे." ती पुढच्या खेपेला पुन्हा कचूच म्हणे.

आणि आता माडीवरून परदेशी माणसं तेच नाव पुकारत होती.

ग्रामपंचायतीत रोशन बसतो. माझाच विद्यार्थी, चौथीत नापास व्हायचा राहिला होता. "जय भीम, गुरुजी. टेन्शन नका घेऊ, दोन मिनटात काढतो." कपाटातून जुन्या वह्या काढल्या. धुळीनं शिंकला. जन्माच्या वहीखाली मृत्यूची वही होती, त्याच रंगाची. त्यानं दोन्ही टेबलावर ठेवल्या.

त्या वेळी गावात कोतवाल घरोघर फिरून जन्ममृत्यू टिपून न्यायचा. मी कळवलं नाही, पण त्याला कोणी सांगितलं असेल तर? तिथं लिहिलं असेल, अमक्याची मुलगी, वय सव्वा वर्ष. रोशन नेमकी तीच वही उघडून पानं उलटू लागला. माझ्या कानात थ्रेशरसारखी घरघर सुरू झाली. ते वर्ष आलं. कार्तिकाच्या दिवसांचं पान आलं. त्यावर तीन म्हातारे होते आणि एक बाळंतीण.

"अरे, ही मृत्यूची आहे वाटते," रोशन म्हणाला आणि मिटून टाकली.

मला आनंद झाला. हे लिहिताना हात जड होतो, पण झाला. माझी मुलगी मेल्याची कुठंही नोंद नाही, म्हणजे ती होती हे कुणी सिद्ध करू शकत नाही, म्हणून तिच्या बापाला आनंद झाला. बाहेर येऊन पायरीवर बसलो. रोशननं पाणी आणून दिलं. म्हणाला, "पोरगी इतकी दूर जाऊन राहिली, वाईट वाटनारच न, गुरुजी."

चार दिवसांनी पोलिसांचा माणूस आला. तरुण, हेल्मेट काखेत. ओट्यावर बसला, पाणी प्याला, कागद मांडीवर ठेवला. कौसल्या धान वाळत घालत होती.

"काकू, मुलीचं नाव काय?"

"कचरी."

"काय?"

"कचरी. कचराबाई."

तो हसला. "परदेशात जाऊन राहिली न हो काकू ती! असं नाव चालते का तिकडं? कागदावर काय आहे?"

कौसल्या उठून उभी राहिली. पदराला हात पुसले. इतकी वर्षं मी तिच्यावर एक नाव लादलं होतं आणि आता ते तिला पोलिसापुढे उच्चारायचं होतं. ती म्हणाली, "मले आठवत नाई. यायले इचारा."

"प्रज्ञा," मी म्हणालो. त्यानं टिपलं आणि गेला. मुलगी माडीवरून हसत खाली आली, "आई, तू तर माझा व्हिसाच कचऱ्यात घालशील!" कौसल्या हसली नाही.

व्हिसासाठी मुंबईची तारीख मिळाली. जायला दोन दिवस उरले. मुलगी ओट्यावर अर्ज भरत होती, मी शेजारी. शेवटचं पान तिनं मला मराठीत करून सांगितलं. "बाबा, इथं लिहिलं आहे, वर दिलेली माहिती खरी आहे, खोटी निघाल्यास जबाबदारी माझी. मग सही." पेनाचं टोपण तिनं दातात धरलं होतं, लहानपणी धरायची तसंच.

तिची जबाबदारी. माझ्या अक्षराची.

कोणत्या परक्या खिडकीत तिला थांबवतील, काय विचारतील, ती काय सांगेल, हे सगळं मी महिनाभर पाहत होतो. कधी वाटे, कुणाला कळणार? कागद सगळे जुळतात. कधी तीच गोष्ट भिववी. कागद जुळतात आणि पोर जुळत नाही. तिथं तिला काही झालं, तर ते लोक कोणत्या प्रज्ञाची नोंद करतील?

त्याच वेळी कौसल्या आतून आली. "आभाळ आलं जी," म्हणाली. खरंच, पश्चिमेला ढग होते आणि आमचं धान बांधीत उघडं होतं. मुलगी कागद गोळा करून उठली, "चला बाबा, ताडपत्री घालू." कौसल्या दारात उभी. "धान राहू द्या," ती म्हणाली. "अवंदा भिजू द्या. तुमी पोरीशी बोला. नाई तर मी बोलीन."

मी मुलीला घेऊन मोहापाशी गेलो. ती जागा ओळखण्यासारखी नाही, जमीन सगळीकडे सारखीच. तिथं सांगितलं. आधी ती ऐकत होती, मग तिला हसू आलं. "म्हणजे मी सव्वादोन वर्षांनी लहान आहे? अन् मी रडत होते का मले तीस लागले!" घाबरली की ती आईच्या बोलीत बोलते. मग हसू थांबलं. तिनं जमिनीकडे पाहिलं. पाय मागे घेतला.

"इथं?"

"इथंच."

"अन् तुम्ही मले तिच्या नावानं..." थेंब पडू लागले होते. त्या वर्षी न आलेला पाऊस या वर्षी आला. आमचं धान डोळ्यांसमोर भिजत होतं आणि कुणी हललं नाही.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मुंबईला गेली नाही. तिनं ती तारीख सोडून दिली, मला न सांगता. तिकडं ज्या घरात राहणार होती ते दुसऱ्या कुणाला गेलं. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, "माहीत नव्हतं तोवर सही खरी होती, बाबा. आता नाही करता येत. माझा वाढदिवस कधी असतो?"

मला तारीख सांगता आली नाही. माणसं आपल्या लेकरांच्या तारखा विसरत नाहीत. मी आठवूच नये म्हणून मेहनत घेतली होती. कौसल्येनं सांगितली. पौर्णिमेच्या तीन दिवस आधी, सकाळी, माहेरच्या खळ्यात शेवटचा पुंजना, धानाची गंजी, मोडला तेव्हा. मुलीनं मोबाइलमध्ये जुनं पंचांग काढलं आणि तारीख शोधली. आपली जन्मतारीख ती अशी शोधत होती आणि मी भाताचं शीत शीत मोजल्यासारखा ताटात पाहत होतो.

वर्ष गेलं ते कचेऱ्यांच्या दारात. दवनीवाड्याची सुईण कधीच वारली. तिच्या सुनेनं साक्ष दिली. साहेबांपुढे मी शपथेवर सांगितलं की शाळेतली नोंद मी खोटी केली. ते वाक्य बोलण्याआधी किती रात्री डोळा लागला नव्हता, काय होईल, पेन्शन जाईल की बेड्या पडतील. साहेब वयानं माझ्या मुलासारखे. पेन खाली ठेवून म्हणाले, "गुरुजी, काऊन केलं असं?" मी म्हणालो, "भेलो होतो, साहेब." त्यांनी ते लिहून घेतलं नाही. पुढे माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होईल, असं म्हणाले. अजून झालेली नाही. रोज टपालवाला पुढं गेला की मी श्वास सोडतो.

आधी मृत्यूचा दाखला मिळाला. रोशननं छापून दिला, या वेळी विनोद केला नाही. कारणाच्या जागी ताप लिहिलं आहे. कौसल्येनं तो दोन्ही हातांत धरला आणि नावावर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. तिला वाचायला मी शिकवलं होतं. मग म्हणाली, "आता हाये ती," आणि पेटीत लुगड्याखाली ठेवला.

दुसऱ्या दाखल्याच्या वेळी दवनीवाड्याच्या ग्रामपंचायतीतल्या पोरानं विचारलं, नाव काय टाकू? आता हवं ते टाकता येईल. मुलगी म्हणाली, "प्रज्ञाच. ताईचं म्हणून राहू दे. तारीख तेवढी माझी टाक."

तो दाखला परवा आला. आता त्यावरून शाळेचा कागद बदलेल, मग पासपोर्ट, मग पुन्हा तोच अर्ज. जमेल की नाही, कुणी सांगू शकत नाही. बदललेल्या तारखेकडे ते लोक संशयानं पाहतील, असं मुलगीच म्हणते. पण तिनं यादी पुन्हा भिंतीवर लावली आहे.

मी तो कागद पाहत ओट्यावर बसलो होतो. नाव, तारीख, आईबाप, गाव. सगळं खरं. इतकी वर्षं मी तिला ज्याच्यापासून लपवलं ते सगळं एका पानावर, शिक्क्यासकट. मरणाला पत्ताच दिल्यासारखा. असल्या गोष्टींवर मी विश्वास ठेवत नाही. मी गुरुजी आहे. तणसाचा वास आला आणि मी कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

माडीवरून ती कामात कुणाशी तरी बोलत होती. तेवढ्यात कौसल्या अंगणात आली, मान वर केली आणि गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "कचरे! ए कचरे! जेवाले ये!"

मी तिला सुधारलं नाही. मनात म्हटलं, अजून एकदा. अजून मोठ्यानं.